बीएस्सी नर्सिंग : चार वर्षांत नेमके काय शिकतात?

बारावीचा निकाल लागला, की धुळे-जळगावकडील घरांमध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलीला विज्ञान शाखेत बरे गुण असतात, वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळलेली असते आणि कोणीतरी नातेवाईक 'नर्सिंगला टाका, नोकरी लगेच लागते' असा सल्ला देऊन मोकळा होतो. वडील मान डोलावतात, पण मनात शंका राहतेच. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, ताप मोजणे. एवढ्यासाठी चार वर्षे? गल्लीतल्या दवाखान्यातली सिस्टर तर हे सारे पाहून पाहूनच शिकलेली असते. शंका स्वाभाविक आहे. या अभ्यासक्रमाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा नोकरीच्या अंगाने. त्यात शिकवतात काय, हे क्वचितच कोणी सांगते.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. नर्सिंगचे शिक्षण एकच नाही. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. या दोहोंच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बीएस्सी नर्सिंग ही मात्र चार वर्षांची विद्यापीठीय पदवी असून खानदेशातील महाविद्यालये त्यासाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमातून पदवी मिळवता येते.

परिचर्येला पदवीचा दर्जा देण्याची कल्पना देशात स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची. भोर समितीचा अहवाल १९४६ चा आणि दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले तेही त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ मध्ये उभे राहिले. परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नव्या नियमावलीने वार्षिक परीक्षांची जुनी पद्धत जाऊन आठ सत्रांची पद्धत आली. एक सत्र वीस आठवड्यांचे, एक आठवडा चाळीस तासांचा. पुढील विवेचन याच अभ्यासक्रमावर आधारलेले आहे.

अंथरुणापासून सुरुवात

पहिल्या सत्रात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय असतात. रचना आणि क्रिया हे विषय वैद्यकीय विद्यार्थ्याइतक्या खोलीने शिकवले जात नाहीत. पण जे शिकवले जाते ते रुग्णाच्या खाटेशी जोडून. कमरेच्या स्नायूत इंजेक्शन द्यायचे तर सायटिक नस कुठून जाते हे ठाऊक हवे. ते चुकले तर पाय लुळा पडू शकतो. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र येते आणि त्याच्या जोडीला संगणकीय नोंदींचा एक विषय.

मात्र पहिल्या वर्षाचा खरा गाभा मूलतत्त्वांचा. त्यात विद्यार्थ्यांना सर्वप्रथम शिकवतात ते अंथरूण घालणे. अनेक मुले-मुली येथेच खट्टू होतात. बारावीला जीवशास्त्रात ऐंशी गुण मिळवून चादरी घालायच्या? परंतु हलू न शकणाऱ्या रुग्णाला न उठवता, त्याच्या अंगाखालची चादर बदलणे हे कसब आहे. चादरीला एक सुरकुती राहिली, घामाची ओल राहिली, तर माकडहाडाजवळ, टाचांवर, खांद्याच्या पात्यांवर कातडी घासली जाते आणि दाबाखाली रक्तपुरवठा तुटतो. लालसर डाग, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम. या शय्याव्रणातून रक्तात जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावतो. मूळ आजार बरा होत असतानाही दगावतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा पाहणे, धोका किती आहे हे गुण देऊन मोजणे आणि त्याची वेळेसह नोंद ठेवणे हा सारा अभ्यासाचा भाग असतो.

याचे महाराष्ट्रातील सर्वात मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत. जवळजवळ बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाच्या याचिकेवर मार्च २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, याची आवर्जून दखल घेतली. पहिल्या सत्रातला चादरीचा धडा इथवर जातो.

याच टप्प्यावर 'परिचर्या प्रक्रिया' शिकवली जाते आणि डॉक्टरचे काम व नर्सचे काम यांतला फरक येथे उमगतो. डॉक्टर केसपेपरवर 'न्यूमोनिया' लिहितात. नर्स त्याच रुग्णाकडे पाहून लिहिते : कफ घट्ट असल्याने बाहेर टाकता येत नाही, धाप लागल्यामुळे जेवण जात नाही, रात्री झोप नाही, म्हणून चिडचिड आहे. यातल्या प्रत्येक अडचणीसाठी ती उपाय योजते, करते आणि संध्याकाळी फरक पडला की नाही हे पुन्हा तपासते. माहिती घेणे, अडचण ठरवणे, योजना, अंमलबजावणी, मूल्यमापन अशा पाच पायऱ्या. विद्यार्थ्यांना चार वर्षांत अशा योजना इतक्या लिहाव्या लागतात, की वह्यांचा ढीग पाहून घरचे लोक थक्क होतात. लेखनाचा हा भार काही वेळा अति होतो आणि मग एकमेकांच्या वह्या उतरवण्याची वाट धरली जाते, हेही खरे आहे. तसे करणाऱ्याचे नुकसान पुढे वॉर्डात उघडे पडते.

थेंबांचे गणित

तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रण येते. हात कसे व केव्हा धुवायचे हा साधा वाटणारा विषय. पण व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू रोखले होते, तेव्हापासून त्याची मातब्बरी कमी झालेली नाही. रुग्णालयातील कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, निळ्या पिशवी-डब्यांत आणि सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात टाकायच्या, हे रोजच्या सवयीचे होईपर्यंत घोटून घेतात.

औषधशास्त्र तिसऱ्या व चौथ्या सत्रांत विभागलेले असते आणि गणिताला घाबरून जीवशास्त्र घेतलेल्यांची येथे पंचाईत होते. समजा, डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायला सांगितले आहे. नळीचा संच एका मिलिलिटरला २० थेंब सोडणारा आहे. म्हणजे एकूण १०,००० थेंब, ४८० मिनिटांत. मिनिटाला सुमारे २१ थेंब. हे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून जुळवायचे. लहान मुलांसाठीचा संच मिलिलिटरला ६० थेंबांचा. तेथे ताशी जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, असा सोपा हिशोब. दोन संचांची गल्लत झाली तर तान्ह्या बाळाला तिप्पट वेगाने पाणी जाऊन फुप्फुसात साठू शकते.

इन्सुलिनचे उदाहरण याहून बोलके आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिट असलेली बाटली मिळते, तशीच १०० युनिटांचीही मिळते. आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. शंभराच्या बाटलीतले औषध चाळिसाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला वीसऐवजी पन्नास युनिट जातात. रक्तातली साखर कोसळते. रुग्ण झोपला आहे असे वाटते आणि तो बेशुद्धीकडे चाललेला असतो. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय थांबते. म्हणून योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि योग्य नोंद हे पाठ केवळ परीक्षेपुरते नसतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही चूक होऊ शकते. ती औषध देण्याआधी ओळखणे आणि आदबीने, पण ठामपणे विचारणे, हे नर्सकडून अपेक्षित आहे. 'साहेबांनी लिहिले म्हणून दिले' हे उत्तर नव्या अभ्यासक्रमात चालत नाही. वॉर्डात ते अजून पुष्कळ ठिकाणी चालते, ही वेगळी गोष्ट.

पुस्तकातला रुग्ण आणि खानदेशातला रुग्ण

प्रौढांची परिचर्या हा तिसऱ्या-चौथ्या सत्रांतला सर्वात विस्तृत विषय. श्वसन, हृदय, मूत्रपिंड, मेंदू, भाजलेले रुग्ण, कर्करोग, वृद्धांची शुश्रूषा, मरणासन्न रुग्णाची वेदनाशामक काळजी असे सर्व त्यात येते. हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे प्रशिक्षण पुतळ्यावर दिले जाते. अभ्यासक्रम देशभर एकच. पण विद्यार्थी शिकतो तो समोर आलेल्या रुग्णांवर, आणि रुग्ण त्या त्या मुलखाचे असतात. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. जळगावला २०१८ पासून व नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या भागातल्या वॉर्डांत पुस्तकातले कोणते पान आधी उघडते?

कापसाचा हा प्रदेश. फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाने बाधित झालेले शेतकरी-मजूर येतात, आणि तेच औषध रागाच्या वा निराशेच्या भरात पिणारेही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. ऑर्गेनोफॉस्फरस गटातल्या विषाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, छातीत घरघर, नाडी मंद. त्यावर ॲट्रोपिन वारंवार देतात. किती द्यायचे ते ठरते छातीतला ओलावा सुकला का, नाडी वाढली का यावरून. आणि हे दर काही मिनिटांनी पाहणारी व्यक्ती नर्सच असते. मात्रा जास्त झाली, तर रुग्ण बडबडू लागतो, ताप चढतो, लघवी अडते. कमी झाली, तर श्वास कोंडतो. या दोन काठांमधून रुग्णाला रात्रभर चालवत नेणे हे कौशल्य आहे. शिवाय विष कातडीतूनही भिनते, त्यामुळे आधी कपडे काढून अंग धुवायचे आणि स्वतः हातमोजे घालायचे, हेही शिकवावे लागते.

पावसाळ्यात सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांची लक्षणे वेगवेगळी. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे : कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. प्रतिविष देताना ॲड्रिनॅलिन शेजारी भरून ठेवायचे, कारण प्रतिविषाचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याच राज्यातल्या महाडचे. ते नाव विद्यार्थ्यांच्या कानावर घातले पाहिजे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. डोक्याला मार लागलेल्या अपघातग्रस्ताची शुद्ध ग्लासगो मापनपद्धतीने मोजतात : डोळे उघडण्याला चारपर्यंत, बोलण्याला पाचपर्यंत, हालचालीला सहापर्यंत गुण; कमीत कमी बेरीज तीन, जास्तीत जास्त पंधरा. रात्री दहा वाजता चौदा असलेला आकडा बारा वाजता अकरावर आला, तर कवटीत रक्तस्राव होत असावा, हे त्या कागदावरून कळते. ते वेळेत कळवले की शस्त्रक्रियेला संधी मिळते. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा वेगळेच रुग्ण पाठवतो. उष्माघातात शरीराचे तापमान चाळीस अंशांपलीकडे गेले असेल, तर आधी अंग थंड करणे, बाकीचे नंतर.

आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, तसेच साक्री-नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. चौथ्या सत्रातल्या जनुकशास्त्राचा तक्ता फळ्यावर सोपा वाटतो. तोच तक्ता पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला, लग्नाची बोलणी चालू असताना, कोणालाही दोषी न ठरवता समजावणे फार कठीण. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिचा भार गावपातळीवर नर्स आणि आशा यांच्याच खांद्यावर आहे. वेदनेच्या झटक्यात रुग्ण तळमळत असतो, त्याला 'नाटक करतो' म्हणून हिणवू नये, हेही मूलतत्त्वांतच मोडते.

येथे एक गोष्ट मनाला खटकते. पहिल्या सत्रात इंग्रजी संभाषण हा विषय आहे आणि पुस्तके, नोंदी, पुढच्या परीक्षा इंग्रजीत असल्याने तो हवाच. पण धुळ्याच्या वॉर्डातली आजी 'पोट दुखी ऱ्हायनं' म्हणते; सातपुड्यातला रुग्ण पावरीत बोलतो. दुखणे कळ येऊन जाणारे आहे, की सतत ठणकणारे, हे त्यांच्या शब्दांतच नेमके सांगता येते. 'काय व्हई ऱ्हायनं, माय?' असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, की म्हातारीचा चेहरा खुलतो आणि तीन दिवस न सांगितलेली तक्रार ती सांगून टाकते. अहिराणी घरात बोलणाऱ्या मुली महाविद्यालयात आल्यावर ती लपवू पाहतात. खरे तर या भागात ते त्यांचे सर्वात मोलाचे साधन आहे. अभ्यासक्रम याला वाव देतो, कारण रुग्णसंवाद त्यात आहेच. शिकवणाऱ्यांनी मनावर घेतले पाहिजे.

प्रसूतिगृह, मनोरुग्ण आणि न्यायालय

पाचव्या-सहाव्या सत्रांत बालकांची परिचर्या आणि मानसिक आरोग्य, तर सहाव्या-सातव्या सत्रांत प्रसूतिशास्त्र असते. बालविभागात दंडाचा घेर मोजण्याची पट्टी हातात येते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बाळाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. नंदुरबार-धुळ्याच्या विद्यार्थ्यांना ही पट्टी तांबड्या भागावर थांबलेली पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही.

मानसिक आरोग्याच्या अभ्यासासाठी विद्यार्थी मनोरुग्ण विभागांत वा मनोरुग्णालयांत जातात. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आणि भूल दिल्याशिवाय विजेचे उपचार करण्यासही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीकडे तीव्र तणावाखालची व्यक्ती म्हणून पाहावे, असे हा कायदा सांगतो. कीटकनाशक पिऊन आलेल्या तरुणाचे पोट धुताना त्याला शिव्या घालणारे कर्मचारी ज्याने पाहिले आहेत, त्याला या कलमाचे मोल कळेल.

प्रसूतिशास्त्रात विद्यार्थी पोटावरून बाळाची स्थिती ओळखतो, पार्टोग्राफवर दर अर्ध्या तासाला बाळाच्या हृदयाचे ठोके मांडतो (मिनिटाला ११० ते १६० ठीक), गर्भाशयाचे तोंड किती उघडले याची रेघ आखतो. रेघ धोक्याच्या रेषेपलीकडे झुकली, तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचा निर्णय तेव्हाच घ्यायचा. बाळ अडल्यावर नव्हे. बाळ जन्मले, की एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटांचे इंजेक्शन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव रोखला जातो. बाळ रडले नाही, तर तेच मिनिट त्याच्यासाठीही निर्णायक. पुसणे, पाठ चोळणे, आणि तरीही श्वास नसेल तर पिशवी-मास्कने हवा देणे. ठरावीक संख्येने प्रसूती विद्यार्थ्याने शिक्षिकेच्या देखरेखीखाली स्वतः कराव्या लागतात आणि त्यांची नोंदवही परीक्षकांसमोर ठेवावी लागते. मुलग्यांनाही हा विषय असतो आणि तेही प्रसूतिगृहात जातात. आपल्याकडे 'ब्रदर' म्हणून काम करणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे. समाजाची भुवई मात्र येथे अजून उंचावतेच.

पाचव्या सत्रात न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे हा नवा विषय आला आहे. अत्याचारपीडित स्त्री वा बालक रुग्णालयात येते, तेव्हा तिला सर्वप्रथम भेटते ती बहुधा नर्सच. तिने सहानुभूतीपोटी पीडितेला आंघोळ घातली, कपडे धुवायला टाकले, तर पुरावा नष्ट होतो. कपडे वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, प्लास्टिकमध्ये नाही, कारण ओलीने ते कुजतात, सील करायचे, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची नोंद करायची. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने कोणती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हेही शिकवतात. एका खटल्याचा निकाल या पाकिटावरच्या सहीवर अवलंबून राहू शकतो.

गाव, घर, पिशवी

सामुदायिक आरोग्य पाचव्या आणि सातव्या सत्रांत येते. उपकेंद्र सपाटीवर पाच हजार, तर डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे तीस व वीस हजारांमागे. लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते, वीज गेल्यावर काय करायचे, साथ पसरली तर रुग्णांची यादी कशी करायची, विहिरीचे पाणी कसे शुद्ध करायचे, असे सर्व यात असते. विद्यार्थी घरोघर जातात तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी असते आणि ती उघडण्याची ठरलेली रीत असते : आधी स्वच्छ वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर पिशवी ठेवायची, हात धुवायचे, मग सामान काढायचे. वर्तमानपत्राचा असाही उपयोग आहे हे वाचकांच्या माहितीसाठी! उपकेंद्रांचे रूपांतर झालेल्या आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करण्याची क्षमता या विषयातूनच यावी, अशी नव्या अभ्यासक्रमाची रचना आहे.

सातव्या सत्रात संशोधन व संख्याशास्त्र, सहाव्यात व्यवस्थापन, पाचव्यात अध्यापनतंत्र हेही विषय आहेत. आठवे सत्र पूर्णपणे रुग्णालयाचे. प्रौढ विभागात सहा आठवडे; समुदाय, बाल, मानसिक आणि प्रसूती या चार विभागांत प्रत्येकी चार आठवडे; असे बावीस आठवडे, आठवड्याला ४८ तास. येथे पुस्तक बंद होते आणि नर्ससारखीच ड्युटी करावी लागते.

परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते. पण पदवी हाती पडण्यासाठी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात शंभर टक्के. आजारपणाने आठवडा बुडाला तर तो भरून द्यावाच लागतो. बहुतेक विषयांत उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण हवेत, लेखी व प्रात्यक्षिकात वेगवेगळे.

महाविद्यालय निवडताना

शंभर टक्क्यांची ही अट कागदावर पुरी करणे आणि खरोखर पुरी करणे यांत अंतर आहे, आणि पालकांनी चौकशी करायची ती नेमकी याचीच. आजवर गावोगाव नर्सिंगच्या पाट्या लागल्या. त्यांतल्या काही इमारतींत प्रयोगशाळा आहे, पुतळे आहेत, गणवेश आहे, रुग्ण नाहीत. विहिरीवाचून पोहण्याचा वर्ग चालवावा, तसा हा प्रकार. नियमानुसार महाविद्यालयाचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय अपेक्षित असते आणि वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असे प्रमाण आहे. तेव्हा प्रवेश घेण्याआधी वसतिगृहाची खोली पाहावी, तसे रुग्णालयाचे वॉर्डही पाहावेत. खाटा भरलेल्या आहेत का, विद्यार्थी तिथे दिसतात का, प्रसूती होतात का, मनोरुग्ण विभागासाठी मुलांना कोठे आणि किती दिवस पाठवतात, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारावे. कार्यालयातल्यापेक्षा त्यांच्याकडून उत्तर लवकर मिळते. आरोग्य विद्यापीठाची त्या वर्षीची संलग्नता आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, दोन्ही कागद मागावेत. ते नसतील तर चार वर्षांनंतर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीविना पदवी निरुपयोगी. शेत गहाण ठेवून फी भरणाऱ्या कुटुंबाला ही चूक परवडणारी नाही.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असून तिन्ही शास्त्रांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय सतरा पूर्ण असावे. राज्यात सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष नर्सिंगसाठी स्वतंत्र परीक्षा घेतो. परिषदेच्या नियमावलीत या परीक्षेसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल यांना प्रत्येकी वीस गुण सुचवलेले आहेत. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच पुढे जावे.

पदवीनंतर राज्य परिषदेकडे परिचारिका आणि प्रसविका अशी दुहेरी नोंदणी होते. पुढे एमएस्सी आहे, अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आहे. एम्स संस्थांतील नर्सिंग अधिकारी पदांसाठी अखिल भारतीय परीक्षा होते. परदेशाची वाट धरणाऱ्यांना त्या त्या देशाची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तेथे पहिल्या वर्षापासूनच्या प्रात्यक्षिकांचे तास, विषयवार, विद्यापीठाकडून लिहून मागतात.